यंत्रे बदलली, पाया कोणी सांभाळला?

(राधानगरी येथील व्याख्यानमालेत एका संगणक अभियंत्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



राधानगरीत उभे राहून धरणाचा उल्लेख न करता भाषणाला प्रारंभ करणे म्हणजे पंढरपुरात जाऊन चंद्रभागेकडे पाठ फिरवण्यासारखे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०९ मध्ये भोगावतीवर या धरणाचे काम सुरू केले. ते मध्ये रखडले. महाराज १९२२ मध्ये गेले आणि काम पूर्ण होण्यास स्वातंत्र्योत्तर काळ उजाडला. त्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आपण सारे दर पावसाळ्यात पाहतो. पाणी ठरावीक पातळीवर आले की पाण्याच्याच दाबाने ते उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. 'स्वयंचलित' या शब्दाने मात्र एक गैरसमज होतो. त्या दरवाजांकडे कोणाला पाहावेच लागत नाही, असे लोकांना वाटते. ज्यांनी तेथे नोकरी केली आहे, त्यांना विचारा. स्वयंचलित वस्तूची देखभाल करणारा माणूस असतोच, एवढेच की तो कोणाच्या नजरेस पडत नाही.

संगणकाच्या जगातील अशाच एका नजरेआड राहणाऱ्या कामाविषयी मला आज बोलायचे आहे. त्याला आम्ही 'सिस्टिम लायब्ररी' म्हणतो. लायब्ररी म्हटल्यावर पुस्तकांची कपाटे डोळ्यांपुढे येतात, पण येथे पुस्तके नाहीत. कोणताही प्रोग्रॅम चालताना त्याला काही बारीकसारीक कामे सतत करावी लागतात. स्मृतीतील मजकूर एका जागेवरून दुसरीकडे नेणे, किती वाजले ते विचारणे, फाईल उघडणे, वर्गमूळ काढणे ही त्यांतली काही. प्रत्येक प्रोग्रॅमरने ती नव्याने लिहीत बसू नयेत म्हणून एकदाच नीट लिहून ठेवलेली असतात. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक मोठ्या यंत्रांत हे काम 'जीलिबसी' नावाची लायब्ररी करते. बँकेच्या सर्व्हरपासून महासंगणकापर्यंत ती खाली निमूटपणे उभी असते.

आता अडचण येथून सुरू होते. सगळ्या प्रोसेसरांची भाषा एक नसते. इंटेलची वेगळी, आर्मची वेगळी, आयबीएमच्या पॉवरची वेगळी, सनच्या स्पार्कची आणखी वेगळी. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील जुना कागद मराठीतच असतो, पण मोडी येत नसेल तर तो आपल्याला वाचता येत नाही. तसेच हे आहे. वर लिहिलेला प्रोग्रॅम तोच असतो, खालची लिपी बदलते. ही लिपी जाणून प्रत्येक यंत्रासाठी त्या लायब्ररीचा तळ नव्याने बांधावा लागतो आणि पुढे वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो.

हे काम किती सूक्ष्म असते, याचा धडा मला याच तालुक्यात मिळाला. चूक माझीच होती, म्हणून सांगायला संकोच नाही. एका दूध संस्थेसाठी मी बऱ्याच वर्षांपूर्वी छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. फॅट मोजणाऱ्या यंत्राकडून आकडा घ्यायचा आणि सभासदाच्या खात्यावर टाकायचा, एवढेच त्याचे काम. फॅटचा आकडा मी दशांशांत, एका बाइटमध्ये साठवत होतो. म्हणजे ६.५ फॅट असेल तर ६५. यंत्राकडून आकडा आलाच नाही, तर त्या जागी उणे एक ठेवायचा. पुढे 'आकडा शून्याहून लहान आहे का' हे तपासायचे आणि असेल तर 'पुन्हा मोजा' असा संदेश द्यायचा. जुन्या संगणकावर हे अनेक वर्षे बिनबोभाट चालले. पुढे तो संगणक एका पावसाळ्यात बंद पडला. त्याच्या जागी मी पत्त्याच्या कॅटएवढा, आर्म प्रोसेसरचा एक बोर्ड बसवला, तोच प्रोग्रॅम त्यावर चढवला आणि पुण्याला निघून गेलो.

तिसऱ्या दिवशी सचिवांचा फोन आला. "साहेब, एका मावशींच्या म्हशीला साडेपंचवीस फॅट लागलंय. म्हैस दूध देते का लोणी?"

झाले होते ते असे. एका बाइटमध्ये २५६ निरनिराळी मूल्ये मावतात. ती उणे १२८ ते १२७ अशी मोजायची की शून्य ते २५५ अशी, हे सी भाषेच्या नियमांनी मुद्दामच मोकळे ठेवले आहे. इंटेलच्या जगात रूढी पहिली, आर्मवरच्या लिनक्समध्ये दुसरी. जुन्या यंत्रावरचे उणे एक नव्या यंत्रावर २५५ झाले. 'शून्याहून लहान आहे का' याचे उत्तर कायम 'नाही' येऊ लागले आणि २५५ चे २५.५ फॅट होऊन मावशींच्या खात्यावर चढले. दुरुस्ती एका शब्दाची होती. सचिव जागरूक होते म्हणून आकडा पकडला गेला, आणि तो हास्यास्पद होता म्हणूनही पकडला गेला. तीच चूक साडेसहाचे साडेपाच करणारी असती, तर ती महिनोन्महिने कोणाच्या लक्षात आली नसती आणि एका विधवा बाईच्या दहा दिवसांच्या बिलातून पैसे गळत राहिले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही, ती या विचाराने.

आता हीच गोष्ट मोठ्या पटावर पाहा. आपल्या पुण्यातच तिचे भव्य उदाहरण घडलेले आहे आणि त्याकडे या दृष्टीने फारसे कोणी पाहिलेले नाही.

१९८० च्या दशकात भारताला महासंगणक हवा होता. क्रे कंपनीचे प्रगत यंत्र मिळण्यात अमेरिकेने आडकाठी केली. हवामानाच्या अंदाजासाठी जे यंत्र मिळाले, तेही अटी घालून. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात 'सीडॅक' ही संस्था उभी राहिली आणि तिची धुरा अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे सुपुत्र डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. ही कथा आपण शाखेत, शाळेत, स्नेहसंमेलनात अनेकदा ऐकली आहे आणि अभिमानाने सांगितली आहे. पण ती बहुधा येथेच थांबते. माझ्या मते खरी परीक्षा यानंतर सुरू झाली.

परम ८००० मध्ये 'ट्रान्सप्युटर' नावाचे ब्रिटिश प्रोसेसर होते. एकमेकांशी बोलण्यासाठी प्रत्येकाला चार जोडण्या असत. समांतर गणनेला ते फार सोयीचे होते. पण ते बनवणाऱ्या इन्मॉस कंपनीची मालकी बदलली, पुढची आवृत्ती लांबत गेली आणि तो प्रोसेसर काळाच्या पडद्याआड गेला. 'परम ८६००' मध्ये गणितासाठी इंटेलचा आय८६० घेतला गेला आणि ट्रान्सप्युटर संदेशवहनासाठी राहिले. आय८६० हा कागदावर वेगवान होता. मात्र त्याच्याकडून तो वेग काढून घेणे महाकठीण होते. थोड्याच वर्षांत इंटेलने तो सोडून दिला. १९९४ मध्ये 'परम ९०००' आला. १९९८ च्या 'परम १००००' मध्ये सनचे अल्ट्रास्पार्क, 'परम पद्म' मध्ये आयबीएमचे पॉवर-४, आणि २००८ च्या 'परम युवा' मध्ये इंटेलचे झिऑन. जेमतेम सतरा-अठरा वर्षांत पाच वेगवेगळ्या कुळांतील प्रोसेसर! घर तेच, नाव तेच, आणि पायाचा दगड पुन्हा पुन्हा बदललेला.

परम ९००० हा तर मला या साऱ्या मालिकेतील सर्वांत विचार करायला लावणारा संगणक वाटतो. एकाच प्रोसेसरवर विसंबून राहिल्याने काय होते, याचा अनुभव घेतल्यावर त्याची रचनाच अशी केली गेली की प्रोसेसर बदलता यावा. त्याचे सुपरस्पार्कचे रूप होते, अल्ट्रास्पार्कचे होते आणि डेक कंपनीच्या अल्फाचेही होते. बोलायला सोपे, पण स्पार्क आणि अल्फा यांच्या स्वभावांत दोन ध्रुवांचे अंतर आहे.

पहिला फरक आकडे मांडण्याचा. आपण मराठीत 'पंचवीस' म्हणतो. आधी पाच, मग वीस. इंग्रजीत आधी वीस आणि मग पाच. संख्या एकच, पण तिची कोणती बाजू आधी घ्यायची याची रीत उलट. प्रोसेसरांतही असेच दोन पंथ आहेत. स्मृतीत संख्या साठवताना स्पार्क मोठा भाग आधी ठेवतो. अल्फा आणि इंटेल लहान भाग आधी ठेवतात. एका यंत्राने जशीच्या तशी लिहिलेली फाईल दुसऱ्याने वाचली, तर पंचवीसचे बावन्न होतात. आठव्या शतकाएवढी जुनी गंमत नव्हे ही. आजही उपकरणे एकमेकांना जोडताना नवशिके यात रोज फसतात.

दुसरा फरक थांब्यांचा. आपली एसटी ठरलेल्या थांब्यावरच उभी राहते, वडापची जीप हात केला तेथे थांबते. चार बाइटची संख्या चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच असली पाहिजे, असा स्पार्कचा आग्रह. भलत्याच पत्त्यावर हात केलात तर तो प्रोग्रॅमच बंद पाडतो. इंटेल मात्र वडाप आहे, कोठेही थांबतो. त्यामुळे इंटेलवर आयुष्य काढलेल्या प्रोग्रॅमरला वाईट सवयी लागतात आणि स्पार्कवर गेल्यावर त्याच्या वर्षानुवर्षांच्या चुका एका दिवसात उघड्या पडतात. खरे सांगायचे तर आमच्या पिढीने शिस्त शिकली ती असल्या कडक यंत्रांकडून.

तिसरा फरक सर्वांत फसवा. समजा, एका प्रोसेसरने आधी बिलाची रक्कम लिहिली आणि मग 'बिल तयार' अशी पाटी लावली. दुसरा प्रोसेसर पाटी पाहून रक्कम वाचायला जातो. इंटेलवर हा क्रम दुसऱ्यालाही तसाच दिसतो. अल्फा, पॉवर आणि आर्म यांच्यावर तशी हमी नाही. पाटी दिसेल आणि रक्कम जुनीच असेल, असे घडू शकते, कारण वेगासाठी हे प्रोसेसर आतल्या आत क्रम बदलतात. तेथे 'आधीचे सगळे पोहोचेपर्यंत पुढे जाऊ नकोस' अशी अडसर घालणारी आज्ञा योग्य जागी द्यावी लागते. ती विसरली तर प्रोग्रॅम हजार वेळा बरोबर चालतो आणि हजार एकाव्या वेळी चुकतो. पुन्हा चालवून पाहिले तर चूक सापडत नाही. या जातीच्या चुकांनी माझ्या परिचयातल्या भल्याभल्यांचे केस पांढरे केले आहेत.

हे सारे फरक शास्त्रज्ञाच्या वाट्याला येऊ नयेत, हवामानाचे किंवा रेणूंचे गणित करणाऱ्याला खाली कोणता दगड आहे हे कळूही नये, हीच खालच्या थरातील लायब्ररीची जबाबदारी. म्हणूनच सीडॅकने यंत्रांबरोबर त्यांचा सॉफ्टवेअरचा तळही घडवला. परम ८००० साठी 'परास' ही समांतर प्रोग्रॅमिंगची व्यवस्था होती. पुढे यंत्रांना जोडणारे 'परमनेट' हे जाळे आणि त्यावर संदेश वेगाने नेणारी 'क्षिप्र' ही खालच्या थरातील प्रणाली आली. वृत्तपत्रांत छायाचित्र महासंगणकाच्या कपाटांचे छापून येते, 'क्षिप्र'चे कधी आल्याचे मला आठवत नाही. त्यात वृत्तपत्रांचा दोष नाही, तिचे छायाचित्र काढणार तरी कसे?

काही जण विचारतील, हे एकदा लिहिले की संपले, 'सांभाळणे' म्हणजे नेमके काय? त्यासाठी २०१० मधील एक प्रसंग सांगतो. जीलिबसीमध्ये 'मेमकॉपी' नावाचे काम आहे. मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरवून घेणे. त्याचा लिखित नियम असा की, मूळ जागा आणि नवी जागा एकमेकींवर चढलेल्या नसाव्यात. तशा असतील तर 'मेममूव्ह' हे वेगळे काम वापरावे. इंटेलच्या नव्या प्रोसेसरांवर वेग मिळावा म्हणून मेमकॉपीत सुधारणा केली गेली आणि काही वेळा मजकूर शेवटाकडून सुरुवातीकडे उतरवला जाऊ लागला. नियमाला धरूनच होते ते. पण फ्लॅश प्लेअर हा त्या वेळी घरोघरी असलेला प्रोग्रॅम तो नियम मोडून मेमकॉपी वापरत होता. इतकी वर्षे ते खपून गेले होते. फेडोरा १४ मध्ये लोकांना गाण्यांतून खरखर ऐकू येऊ लागली. चूक कोणाची? नियम मोडणाऱ्याची, असे एक मत. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचे मत वेगळे पडले. ज्याचे चांगले चालले होते त्याचे बिघडवू नका, असे ते म्हणाले.

यावर निघालेला तोडगा मला आपल्या गावगाड्यातील समजुतीसारखा वाटतो. त्या नावावर आवृत्तीची खूण बांधली गेली. जुन्या काळी बांधलेले प्रोग्रॅम आले की त्यांना जुन्या वळणाची, निर्धोक मेमकॉपी मिळते. नव्याने बांधलेल्यांना नवी, वेगवान. दोन्ही एकाच लायब्ररीत शेजारी शेजारी राहतात. जुन्याला दिलेला शब्द मोडायचा नाही आणि नव्याची वाट अडवायची नाही. हे बोलायला गोड आहे, पण याचा अर्थ असा की जुन्याचे ओझे कोणीतरी कायम वाहायचे. ओझे वाहणारा कोणी उरला नाही तर ते उतरवावेच लागते. इंटेलच्या आयटेनियम या प्रोसेसरचा आधार २०२४ च्या आरंभी लिनक्सच्या गाभ्यातून आणि जीलिबसीतूनही काढून टाकला गेला, कारण तो सांभाळणारे हात उरले नव्हते. ज्यांची यंत्रे अजून चालू होती, त्यांच्यापुढे जुन्याच आवृत्तीवर थांबण्याचा मार्ग उरला.

आता आपल्या देशाच्या दृष्टीने मुद्द्याचे बोलतो. आज भारतात प्रोसेसरचे आरेखन होत आहे. मद्रास आयआयटीचा 'शक्ती', सीडॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राचा 'वेगा'. दोन्ही 'रिस्क-फाइव्ह' या खुल्या आज्ञासंचावर उभे आहेत. त्यावर कोणा एका कंपनीची मालकी नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत जीलिबसीने रिस्क-फाइव्हला आपल्यात सामावून घेतले. याचा अर्थ आपल्या चिपवर लिनक्स चालवण्यासाठी कंपायलर आणि लायब्ररी यांचा पाया आपल्याला शून्यातून खणावा लागला नाही.

दुसरे उदाहरण 'विक्रम ३२०१' चे. इस्रो आणि चंडीगडच्या सेमीकंडक्टर प्रयोगशाळेने प्रक्षेपकांसाठी घडवलेला हा ३२ बिटी प्रोसेसर २०२५ मध्ये देशापुढे आला. त्याचा आज्ञासंच स्वतःचा आहे. त्यामुळे एडा भाषेचा कंपायलर, असेंब्लर, लिंकर, सिम्युलेटर हे सारे इस्रोला घरीच घडवावे लागले. प्रक्षेपकाच्या बाबतीत तो खर्च मला योग्य वाटतो, कारण तेथे कोणाचा अडसर चालणार नाही. पण प्रत्येक क्षेत्रात 'सारे काही आमचे वेगळे' असा हट्ट धरला, तर वेगळेपण सांभाळण्यातच आपली माणसे संपतील. माझ्या या मताशी काही बंधू असहमत होतील. स्वदेशीचा अर्थ मी असा घेतो की, ज्या पायावर आपण उभे आहोत तो उकरून पाहण्याचे आणि दुरुस्त करण्याचे सामर्थ्य आपल्या हातात असावे. जीलिबसी परकी नाही आणि केवळ आपलीही नाही. तिचा शब्दन् शब्द खुला आहे. वापरणारे आपण कोट्यवधी आहोत. परंतु रात्री बसून तिच्यातील एखादी चूक शोधून दुरुस्ती पाठवणारे आपल्यात किती, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. आमच्या मुलांना वरचा मजला बांधायचा असतो, कारण पगार वरच्या मजल्यावर आहे. त्यांना दोष देण्यापूर्वी आम्ही पालकांनी आणि महाविद्यालयांनी त्यांना तळघर कधी दाखवले का, हेही विचारले पाहिजे.

वेळ संपत आली आहे. अध्यक्षांनी घड्याळ दाखवले, म्हणून घड्याळाचीच एक गोष्ट सांगतो. संगणक वेळ मोजतो ती १ जानेवारी १९७० पासून सरलेल्या सेकंदांत. ३२ बिटी यंत्रांत ही मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी काठोकाठ भरेल. पुढच्या सेकंदाला यंत्राला वाटेल की आपण १९०१ च्या डिसेंबरात आहोत, म्हणजे या धरणाची पहिली कुदळही पडलेली नाही. जीलिबसीने २०२१ च्या ऑगस्टमध्ये ३२ बिटी यंत्रांना ६४ बिटी वेळ वापरण्याची सोय करून दिली. मात्र जुना शब्द मोडायचा नाही, या न्यायाने ती आपोआप लागू होत नाही. ज्याने त्याने आपला प्रोग्रॅम ती सोय मागून पुन्हा बांधायचा.

त्या दूध संस्थेतला माझा बोर्ड ३२ बिटीच आहे. १९ जानेवारी २०३८ ला मंगळवार येतो आणि पावणेनऊ ही सकाळचे संकलन आटोपत येण्याची वेळ. मी सचिवांना निरोप दिला आहे. उद्या सकाळचे संकलन संपले की तो प्रोग्रॅम नव्याने बांधून देतो आणि मगच पुण्याची एसटी धरतो.